लांबचा पल्ला आणि प्रज्ञायुक्त दान
(हिगाशी-कसाई येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)





आपल्या संघटनेतील काही तरुण-तरुणींनी टोकियो ते ओसाका हा प्रवास सायकलने करून विदर्भातील मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभा करण्याचा संकल्प मांडला आहे. काही पालकांना तो कौतुकास्पद वाटतो, तर काहींना तो निव्वळ अविचार वाटतो. कार्यकारिणीने मला वैद्यकीय व्यवसायातील मनुष्य म्हणून या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. 'जावे' किंवा 'जाऊ नये' असा एका शब्दाचा निकाल मला सहज देता आला असता. परंतु हा प्रश्न केवळ गुडघ्यांचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा नाही. दान कोणी करावे, कसे करावे आणि हाती घेतलेले काम तडीस नेणे म्हणजे नेमके काय, असे प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

सायकल ही वस्तू हिगाशी-कसाईच्या रहिवाशांना समजावून सांगण्याची गरज नाही. कसाई स्थानकाच्या पोटात २००८ सालापासून जो भुयारी सायकलतळ आहे, त्यात नऊ हजारांहून अधिक सायकली मावतात. आपण पाससह सायकल यंत्रापुढे उभी करावी आणि पृथ्वीने ती गिळून टाकावी, हा चमत्कार आपली मुले रोज पाहतात. पुढे एक मूल, मागे एक मूल आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवून पावसात मामाचारी हाकणाऱ्या आपल्या भगिनींना सहनशक्तीवर व्याख्यान देण्याचा अधिकार मला तरी नाही. पण अराकावाच्या काठाने रविवारी फेरफटका मारणे वेगळे आणि शेकडो किलोमीटर अंतर सलग कापणे वेगळे. त्या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाची उदाहरणे आपल्या महाराष्ट्राच्याच मातीत आहेत. विशेष म्हणजे त्यांतील बरेचसे स्वार माझ्याच व्यवसायातले आहेत.

नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. २०१५ साली या दोघांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. ही शर्यत १९८२ साली चार स्वारांनिशी सुरू झाली. २०१५ साली पॅसिफिक महासागराच्या काठावरील ओशनसाइड या गावातून निघायचे आणि अमेरिकेची संपूर्ण रुंदी ओलांडून अटलांटिकच्या बाजूला ॲनापोलिस येथे पोहोचायचे होते. अंतर सुमारे तीन हजार मैल, म्हणजे ४,८०० किलोमीटर. टप्प्यांची सक्तीची विश्रांती नाही, घड्याळ एकदा सुरू झाले की ते शेवटच्या रेषेवरच थांबते. महाजन बंधूंनी आळीपाळीने सायकल चालवीत हे अंतर ८ दिवस, १४ तास आणि ५५ मिनिटांत कापले. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. त्यांच्या संघाचे नाव 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' असे होते. आदिवासी बांधवांच्या दृष्टीची काळजी हा हेतू त्यांनी आपल्या नावातच गुंफला होता.

डोळ्यांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. आपल्या देशात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हे आहे. त्याची शस्त्रक्रिया अनुभवी हातांना अर्धा तासही लागत नाही. तरीही दुर्गम पाड्यावरची म्हातारी वर्षानुवर्षे अंधारात बसते, कारण तिच्यात आणि त्या अर्ध्या तासात रस्ता, गाडीभाडे, बुडणारी मजुरी आणि दवाखान्यात मिळणारी वागणूक एवढे सगळे उभे असते. हे अंतर अमेरिकेच्या रुंदीपेक्षा कमी आहे, असे मला वाटत नाही.

आता शरीराकडे वळू. या शर्यतीचा आरंभ होताच काही तासांत स्वार कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात उतरतो. तेथे पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्यानंतर रॉकी पर्वत येतो आणि कोलोरॅडोमधील वुल्फ क्रीक हा घाट ३,३०० मीटरच्या उंचीवर चढावा लागतो. मग कॅन्ससचे न संपणारे सपाट माळ, समोरून आणि बाजूने झोडपणारे वारे आणि सारे संपत आले असे वाटू लागताच ॲपलेशियन पर्वतातील उभे चढ. एकट्याने ही शर्यत करणारा मनुष्य दिवसाकाठी जेमतेम एक ते तीन तास झोपतो. चौथ्या-पाचव्या रात्री मेंदू फसवू लागतो. रस्त्याकडेच्या झुडपांत माणसे दिसतात आणि आपण कोठे व कशासाठी चाललो आहोत याचाही विसर पडतो. मानेचे स्नायू एकाएकी दगा देतात आणि डोके वर धरताच येत नाही. १९८३ सालच्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्वारास असे झाले, तेव्हापासून या विकारास त्याचेच नाव मिळाले आहे. तळहाताची बोटे बधिर होतात. बैठकीच्या जागी जखमा होतात आणि त्याच जखमांवर पुढील हजार मैल बसावे लागते.

एका गोष्टीकडे पालकांचे खास लक्ष वेधतो. घाम गेला म्हणून नुसते पाणीच पीत राहिले, तर रक्तातील सोडियम घटते. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग मनुष्य असंबद्ध बोलू लागतो. सोबतच्यांना वाटते याला आणखी पाणी हवे, आणि ते पाणीच त्याला बेशुद्धीकडे ढकलते. येथे इच्छाशक्ती उपयोगी पडत नाही, ज्ञान उपयोगी पडते.

२०१६ साली लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ हे लष्करातील वैद्यकीय अधिकारी ही शर्यत एकट्याने करण्यास गेले. त्यांना ती अर्धवट सोडावी लागली. २०१७ साली ते पुन्हा गेले आणि ११ दिवस, १८ तास, ४५ मिनिटांत पोहोचले. एकट्या स्पर्धकास १२ दिवसांची मुदत असते, म्हणजे हाती अवघे सव्वापाच तास शिल्लक होते. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ पहिल्याच प्रयत्नात ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटांत पोहोचले. मुदत संपण्यास तीन तासही उरले नव्हते. पुढे २०१८ साली हेच डॉ. समर्थ मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची सैबेरियातील शर्यत पूर्ण करून आले. व्लादिवोस्तोक म्हणजे आपल्या या जपानच्या समुद्राचाच पलीकडचा काठ. आपल्या दीक्षाभूमीच्या नागपूर नगरीतील एक डॉक्टर सायकलवर तेथवर येऊन उभा राहिला, याची बातमी आपल्यापैकी किती जणांच्या कानी आली होती?

मुलींच्या पालकांनी पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिचेही नाव लक्षात ठेवावे. २०१८ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, तिने सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटण्यात आले, कॅनडात अस्वल तिच्या मागे लागले, व्हिसाच्या अडचणींनी दिवसांमागून दिवस खाल्ले. ज्या विक्रमाचे लक्ष्य तिने ठेवले होते, ते त्यामुळे हुकले. ते हुकल्याचे कळल्यानंतरही तिने उरलेले सारे अंतर पूर्ण केले. मला त्या उरलेल्या अंतराचेच अधिक मोल वाटते.

बंधू-भगिनींनो, गोकुलनाथांच्या २०१६ सालच्या माघारीला मी अपयश म्हणणार नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दहा पारमिता सांगितल्या आहेत. त्यांत वीर्य आहे, म्हणजे स्वीकारलेल्या कार्यात मागे न वळता सर्व सामर्थ्य ओतणे. अधिष्ठान आहे, म्हणजे ध्येयाप्रत जाण्याचा दृढ निश्चय. क्षांती आहे, दान आहे. आपले तरुण याच शब्दांनी भारावले आहेत आणि त्यात गैर काही नाही. परंतु बाबासाहेब तेथे थांबत नाहीत. या सर्वांना प्रज्ञेची जोड हवी, असे ते बजावतात. प्रज्ञेवाचून केलेले दान घेणाऱ्याचे नीतिधैर्य खचवू शकते आणि प्रज्ञेवाचून केलेली करुणा दुष्टतेच्याच उपयोगी पडू शकते, हा त्यांचा इशारा आहे. एक वैद्य या नात्याने मी त्यात एवढेच म्हणेन की, प्रज्ञेवाचून वापरलेले वीर्य थेट अतिदक्षता विभागात नेऊन पोहोचवते.

बॉब ब्रीडलव्ह नावाचे अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद होते. ही शर्यत त्यांच्या पायाखालची होती. २००५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कोलोरॅडोमध्ये समोरून आलेल्या वाहनाशी टक्कर होऊन त्यांचा मृत्यू झाला. माझ्याच वयाच्या आणि माझ्याच व्यवसायातील माणसाची ही गोष्ट मी मुलांना भीती दाखवण्यासाठी सांगत नाही. अनुभव आणि धैर्य दोन्ही जवळ असूनही रस्ता हा रस्ताच असतो, हे मात्र त्यांना ठाऊक असले पाहिजे.

आणि थांबण्याविषयीही एक गोष्ट. १९८० साली टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण कर्करोग-संशोधनाच्या निधीसाठी देश ओलांडण्यास निघाला. तो सायकलवर नव्हता, एका कृत्रिम पायावर धावत होता. रोज जवळजवळ ४२ किलोमीटर. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याचे कळले आणि १ सप्टेंबर १९८० रोजी तो थांबला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. त्याची धाव अपुरी राहिली, तरी १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलरांवर गेला होता. ज्या दिवशी तो थांबला त्या दिवशी लोकांनी त्याचे काम खांद्यावर घेतले. ज्याच्यामागे लोक उभे आहेत, त्याला थांबण्याचीही मुभा असते.

हे मागे उभे राहणारे लोक कोण, हे नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या त्या शर्यतीत एकट्या स्वारामागेही आठ-दहा जणांचे पथक असते. रात्री त्याच्या मागे दिवे लावून गाडी चालवणारा, दर तासाला किती घोट पाणी व किती मीठ गेले याची वहीत नोंद ठेवणारा, जखमांना मलम लावणारा, रस्ता चुकू न देणारा, आणि 'आता उतर, वीस मिनिटे झोप' असे खडसावून सांगणारा. छायाचित्र मात्र एकाचेच छापून येते. आपल्या चळवळीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवीन नाही. सभेला भाकरी पुरवणाऱ्या मायमाउल्यांची नावे कोणत्या अहवालात आहेत?

प्रवासातील विघ्ने म्हटली की आपण घाट, ऊन आणि पंक्चर यांचा विचार करतो. आपल्या माणसांच्या वाटेवर आणखी एक विघ्न होते. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्थानकावर त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर प्रवास झाला. शिदोरी जवळ होती, पण रात्रभर पाणी मिळाले नाही, म्हणून ती तशीच राहिली. १९२३ साली मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी सायकलवरून जगप्रवास आरंभिला आणि त्यांतील तिघे १९२८ साली, या जपानमार्गे, तो पूर्ण करून मायदेशी परतले. त्यांच्या जिद्दीला माझा प्रणाम आहे. परंतु ते जगाच्या रस्त्यावर होते त्याच काळात, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या तळ्याची ओंजळभर पाण्याची वाट आपल्या लोकांना संघर्ष करून चालावी लागली. म्हणून आपली मुलगी हेल्मेट बांधून राष्ट्रीय महामार्गावर मोकळेपणाने सायकल घालते आणि वाटेतल्या कोणत्याही दुकानात जाऊन पाणी घेते, तेव्हा त्या साध्या दृश्यात मला पुष्कळ काही दिसते. तिला ते दिसत नाही, हेही चांगलेच आहे.

आता दानाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. निधी जमवताना आपल्या पत्रकावर फाटक्या कपड्यांतील रडव्या मुलीचे चित्र छापू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यामागे करार होता, परतल्यावर संस्थानाची सेवा करण्याची अट होती. ती भीक नव्हती. एका कर्तबगार विद्यार्थ्यावर टाकलेला तो विश्वास होता. आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षणही शासकीय शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे यांवरच झाले. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आपल्याला दरवर्षी जयंतीला आठवते. परदेशातून वर्षाकाठी एक रक्कम पाठवून त्या व्यथेतून आपली सुटका होत नाही.

पैसा कशासाठी वापरावा याबद्दल माझी एक सूचना आहे आणि ती सायकलशीच जोडलेली आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यात आले. त्या योजनेच्या अभ्यासात मुलींच्या माध्यमिक शाळेतील योग्य वयातील प्रवेशात सुमारे ३० टक्क्यांनी वाढ झाल्याचे आढळले आणि शाळा दूर असलेल्या गावांत हा लाभ अधिक ठळक होता. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील गरजू शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. मात्र सायकल मिळाल्यावर ती दुरुस्त कोण करणार? टायर फाटले, साखळी तुटली की ती सायकल गोठ्यात जाते आणि मुलगी घरी बसते. तेव्हा नव्या सायकलींचे वाटप, हारतुरे आणि छायाचित्रे यांपेक्षा गावातील एखाद्या होतकरू तरुणास दुरुस्तीची अवजारे आणि सुटे भाग पुरवावेत. रक्कम लहान लागेल, नाव कमी होईल, शाळा मात्र चुकणार नाही. कोणत्या मुलींना काय हवे हे त्यांना आणि त्यांच्या शिक्षिकांना आधी विचारावे. येथून ठरवून पाठवू नये.

राहिला प्रश्न आपल्या प्रवासाचा. माझा होकार आहे, पण अटींसह.

ओबोनच्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये, हा प्रवास करण्यास मी वैद्य म्हणून संमती देणार नाही. येथील दमट उकाड्यात घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. येथील पर्यावरण मंत्रालय उष्माघाताचा इशारा देते, तो नुसत्या तापमानावर नसून आर्द्रता धरून काढलेल्या निर्देशांकावर असतो. मेच्या आरंभीची सुट्टी किंवा ऑक्टोबरचा महिना योग्य. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास निघावे, असे मुलांनी सुचवले तर मी आनंदाने दुजोरा देईन. अंतर पाचशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे. काही जपानी स्वार ते चोवीस तासांत कापतात म्हणून आपणही कापावे, हा हट्ट नको. सहा दिवस घ्यावेत. हाकोनेचा घाट साडेआठशे मीटरच्या वर चढतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या पायांनी घ्यावा आणि उतारावर अधिक सावध राहावे, कारण चढाने दम लागतो आणि अपघात उतारावर होतात. रात्री सायकल चालवायची नाही. २०२३ सालच्या एप्रिलपासून येथे सर्व वयांच्या सायकलस्वारांनी हेल्मेट वापरावे असे कायदा सांगतो. आपल्या यात्रेत त्यास अपवाद नाही. निघण्यापूर्वी प्रत्येकाची रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी मी स्वतः करीन. चाळिशी ओलांडलेल्या उत्साही वडीलधाऱ्यांची जरा अधिकच करीन.

आणखी एक अट. सोबत जाणाऱ्या पथकाच्या प्रमुखाने 'थांब' म्हटले की थांबायचे. त्या शब्दावर वाद नाही. एखाद्याला नागोया येथे गाडीत बसवावे लागले, तर त्याच्या नावाने जमलेली देणगी कमी करायची नाही आणि स्मरणिकेत त्याचे नाव इतरांच्या बरोबरीनेच छापायचे, हे देणगीदारांना आधीच लेखी कळवावे.

सभागृहाच्या दाराशी दोन याद्या टांगल्या आहेत. आत येताना मी त्या पाहिल्या. स्वारांच्या यादीत चौदा नावे आहेत. पथकाच्या यादीत दोनच आहेत आणि दोन्ही नावे स्वारांच्या मातांची आहेत. गाडी चालवण्याचा परवाना असलेले, नकाशा वाचता येणारे आणि सहा दिवसांची रजा काढू शकणारे निदान सहा पुरुष या सभागृहात नक्कीच बसलेले आहेत. अल्पोपाहारापूर्वी त्यांनी त्या दुसऱ्या यादीकडे वळावे. तिसरे नाव माझे लिहावे. लेखणी तेथेच दोरीला बांधलेली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!